जव्हार-मोखाड्याचा मतदार काय बघून मत देतो?

नोव्हेंबर 2024 मध्ये पंधरा दिवसांच्या अंतराने दोन मतदानं झाली. 5 तारखेला अमेरिकेने आपला अध्यक्ष निवडला आणि 20 तारखेला महाराष्ट्राने आपली विधानसभा. दोन्हीकडचे निकाल लागल्यावर आपल्याकडच्या चर्चांमध्ये जवळजवळ एकच प्रश्न घोळत राहिला. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन इथल्या कामगाराने ट्रम्प यांना मत का दिलं? आणि इकडच्या गरीब, आदिवासी, ग्रामीण माणसाने महायुतीला का दिलं? उत्तरंही सारखीच निघाली: तिकडचा मतदार भडकवला गेला, इकडचा विकत घेतला गेला. पालघर जिल्ह्याच्या डोंगरी भागाबद्दल बोलताना तर फारसा विचारही करावा लागत नाही. पैसे वाटले, कोंबडी-दारू झाली, पंधराशे रुपये खात्यात पडले, विषय संपला.

मला हे उत्तर अपुरं वाटतं आणि बऱ्याच अंशी अन्यायाचंही. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांचा गेल्या काही दशकांचा राजकीय हिशेब मांडला, तर इथला माणूस मत देताना पुष्कळ गोष्टींचा विचार करतो असं दिसतं. त्याच्या विचारावर आपण ज्या सहजतेने शंका घेतो, ती सहजता मात्र तपासून बघायला हवी.

आधी जमीन समजून घेऊ. 2011 च्या जनगणनेत जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे 1 लाख 40 हजार आणि मोखाड्याची सुमारे 83 हजार होती. दोन्हीकडे दहातली नऊ माणसं आदिवासी: वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, क ठाकूर, कातकरी. पाऊस धो धो पडतो आणि उतारावरून वाहून जातो. भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी एवढं पावसाळ्यात पिकतं. दिवाळीनंतर शेतात काम उरत नाही. मग लोक निघतात. इथे त्याला स्थलांतर कुणी म्हणत नाही, ‘जगायला जाणं’ म्हणतात. भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्या, मुंबई-ठाण्याची बांधकामं, किनाऱ्यावरच्या मच्छीमार बोटी, नाशिककडचे द्राक्षमळे. शिमग्याला बहुतेक जण चार दिवस घरी येतात, पुन्हा जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ऑगस्ट 2014 मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, पण या फेऱ्यात त्याने काही फरक पडला नाही.

मतदानाचा विचार करताना हा फेरा सगळ्यांत आधी लक्षात घ्यावा लागतो, आणि नेमका तोच विसरला जातो. पालघरमध्ये लोकसभेचं मतदान 2014 मध्ये 24 एप्रिलला झालं, 2018 च्या पोटनिवडणुकीत 28 मे रोजी, 2019 मध्ये 29 एप्रिलला आणि 2024 मध्ये 20 मे रोजी. चारही तारखा भट्ट्यांच्या ऐन हंगामातल्या. विधानसभेचं 2019 चं मतदान 21 ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळीच्या आधी झालं. भात शेतात उभं होतं, काही कापणीला आलं होतं, माणसं गावात होती. 2024 चं 20 नोव्हेंबरचं मतदान मात्र दिवाळी उलटून गेल्यावरचं. याची तुलना अमेरिकेशी करून बघा: तिथे मतदानाचा दिवस नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार असतो. तो 1845 च्या कायद्याने ठरला. तेव्हा तो देश शेतकऱ्यांचा होता. नोव्हेंबरपर्यंत सुगी आटोपलेली असते, रस्ते अजून बर्फाने बंद झालेले नसतात, रविवार चर्चसाठी मोकळा राहतो आणि अनेक ठिकाणी बुधवारी बाजार भरायचा. राबणाऱ्या माणसाच्या सोयीने राष्ट्राचं वेळापत्रक ठरलं. आज कारखाने आणि दुकानांत काम करणाऱ्या अमेरिकनाला तो मंगळवार गैरसोयीचा पडतो, म्हणून तिथे बहुतेक राज्यांत आधीपासून मतदान करण्याची किंवा टपालाने मत पाठवण्याची सोय आहे. आपल्याकडे टपाली मत सैनिकांना, निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्यांना, 85 वर्षांवरच्या वृद्धांना आणि दिव्यांगांना आहे. भट्टीवरच्या जोडप्याला नाही.

या जोडप्याचं मत प्रत्यक्षात कसं पडतं ते बघा. दिवाळीच्या सुमाराला मुकादम पाड्यावर येतो आणि उचल देतो. ती लग्नात, आजारपणात, घराच्या कुडात किंवा जुन्या कर्जात संपते. मग नवरा-बायको, सोबत लहान पोरं, भट्टीवर. रात्री अडीच-तीनला उठून माती कालवायची, साच्यात दाबायची, ओळीने थापत जायचं, विटा उन्हात सुकल्यावर उलटवायच्या, रचायच्या. मजुरी हजारी, म्हणजे हजार विटांवर. बाजाराच्या दिवशी खर्चायला थोडी खावटी मिळते आणि खरा हिशेब हंगामाच्या शेवटी, उचल वळती करून. आता मे महिन्यात मतदान आलं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135ब प्रमाणे प्रत्येक कामगाराला मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी आहे, रोजंदारीवरच्यालाही. पण हजारी मजुरीत दिवसाचा पगार कुठला कापायचा आणि कुठला द्यायचा? विटा पडल्या नाहीत तर मजुरी नाही, एवढाच तिथला नियम. भिवंडीहून वाडा, विक्रमगडमार्गे जव्हार, तिथून पुढे मोखाडा, आणि शेवटच्या थांब्यापासून पाड्यापर्यंत पायी. जाऊन-येऊन दोन दिवसांचा खाडा, दोघांचं भाडं, आणि पावसाच्या आत भट्टी उरकायची म्हणून मालकाचा तगादा वेगळाच. अशा वेळी एखादा कार्यकर्ता टेम्पो घेऊन येतो आणि सगळ्यांना गावी नेतो. मतदारांना फुकट वाहन पुरवणं त्याच कायद्याच्या कलम 123(5) खाली भ्रष्ट आचरण ठरतं. म्हणजे ज्याला सरकारने मताची वाट दिली नाही, तो वाट देणाऱ्याच्या गाडीत बसला की आपण त्याला विकला गेलेला म्हणतो. गाडीत बसलेल्याने बटण कुठलं दाबलं, ते त्याचं त्याला ठाऊक.

हे बदलायचा एक प्रयत्न झाला. डिसेंबर 2022 मध्ये निवडणूक आयोगाने स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला. एका यंत्रावर 72 मतदारसंघांचं मतदान होऊ शकेल असा तो होता. जानेवारी 2023 मध्ये पक्षांना त्याचं प्रात्यक्षिक दाखवायचं ठरलं. विरोधी पक्षांनी हरकती घेतल्या, स्थलांतरित कुणाला म्हणायचं इथूनच वाद सुरू झाला, आणि पुढे काही झालं नाही. हरकती खोट्या नव्हत्या. परक्या जिल्ह्यात उमेदवाराचा प्रतिनिधी मतदानावर लक्ष कसं ठेवणार, हा प्रश्न रास्तच आहे. पण एवढ्या मोठ्या प्रश्नावर पक्षांचं एकमत फक्त तो बाजूला ठेवण्यापुरतं झालं, याची मला खंत वाटते.

आता ‘कशासाठी’ या प्रश्नाकडे येऊ.

अमेरिकेत हा प्रश्न शास्त्र म्हणून अभ्यासला गेला तो 1940 पासून. पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायोतल्या ईरी कौंटीत त्याच मतदारांना पुन्हा पुन्हा भेटून विचारलं. प्रचाराने माणसं फारशी बदलत नाहीत, घर, धर्म, शेजार आणि ओळखीतल्या जाणत्या माणसाचा शब्द जास्त चालतो, असं त्यांना दिसलं. 1960 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी पक्षाशी लहानपणापासून जडलेलं नातं हे मुख्य कारण मांडलं. अँथनी डाउन्स यांनी 1957 मध्ये अर्थशास्त्राच्या अंगाने लाभ-तोट्याचा हिशेब पुढे आणला. आपल्याकडे दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेने 1960 च्या दशकापासून देशव्यापी निवडणूक सर्वेक्षणं केली, आणि त्यांतून अमेरिकेपेक्षा वेगळी एक गोष्ट पुढे आली. तिकडे श्रीमंत आणि शिकलेला माणूस जास्त मत देतो, इकडे गरीब, दलित, आदिवासी माणूस रांगेत मागे राहत नाही. 2024 च्या विधानसभेला मुंबई शहर जिल्ह्यात मतदान पन्नास टक्क्यांच्या जरा वर होतं, गडचिरोलीत ते सत्तरी ओलांडून गेलं. ज्याच्या मताला आपण ‘विकलेलं’ म्हणतो, तो मतदानाला मुंबईकरापेक्षा जास्त किंमत देतो.

जमातीचं उत्तर इथे फार पुढे नेत नाही. मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव, म्हणून सगळेच उमेदवार आदिवासी. मग वारली की कोकणा, महादेव कोळी की क ठाकूर, असा बारीक हिशेब पक्ष जरूर करतात. पण कुठलीही एक जमात एकटीच्या बळावर आमदार निवडून देऊ शकेल अशी इथली रचना नाही. घराण्याचंही तसंच. जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांनी 1948 मध्ये ते विलीन केलं आणि पुढे साठच्या दशकात ते काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेले. राजघराण्याला मान होता, पण त्याच काळात लाल बावटाही शेजारच्या तालुक्यांत घट्ट रुजला होता. 1945 च्या वारली उठावात गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी वेठबिगार आणि लग्नाच्या कर्जापायी राबवणारी लग्नगडीची पद्धत मोडायला माणसं उभी केली. 1957 मध्ये शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले, 1977 मध्ये डहाणूतून लहानू कोम. 2004 मध्ये महाराष्ट्रात मार्क्सवादी पक्षाच्या वाट्याला आलेल्या मोजक्या जागांत जव्हार होतं: राजाराम ओझरे.

त्यानंतरचा क्रम नीट वाचण्यासारखा आहे. मतदारसंघ पुनर्रचनेत जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाड्याचा काही भाग मिळून विक्रमगड मतदारसंघ झाला. 2009 मध्ये तिथून भाजपचे चिंतामण वनगा आले. 2014 मध्ये भाजपचेच विष्णू सवरा, जे राज्याचे आदिवासी विकासमंत्री झाले. 2016 मध्ये मोखाड्यातल्या कुपोषणाच्या बळींनी राज्य हादरलं, तेव्हा ते खातं याच मतदारसंघाच्या आमदाराकडे होतं. मंत्री भेटीला आले तेव्हा लोकांचा संताप सगळ्यांनी पाहिला. 2019 मध्ये भाजपने सवरांचे पुत्र डॉ. हेमंत सवरा यांना उभं केलं. त्याच वर्षी मे महिन्यात मोदींच्या नावावर देश जिंकलेला, राज्यात सत्ता भाजपची, घरात मंत्रिपद होऊन गेलेलं. तरी राष्ट्रवादीचे सुनील भुसारा सुमारे 21 हजार मतांनी निवडून आले. कुपोषणावरच्या संतापाच्या एका कारणाने निकाल लागला असं मी म्हणणार नाही, निवडणूक कधीच एका कारणाची नसते. पण पैसा, सत्ता आणि घराणं तिन्ही एका बाजूला असताना मतदार दुसऱ्या बाजूला गेला, एवढं कागदावर आहे. 2024 मध्ये तेच हेमंत सवरा पालघर लोकसभेला 1 लाख 83 हजारांच्या फरकाने जिंकले आणि विधानसभेला भुसारांचा पराभव करून भाजपचे हरिश्चंद्र भोये आले. वीस वर्षांत लाल बावटा, कमळ, घड्याळ आणि पुन्हा कमळ. विकल्या गेलेल्या मतदारसंघाचा आलेख असा नसतो.

2018 ची पोटनिवडणूकही आठवावी. पुढे खासदार झालेल्या चिंतामण वनगांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र श्रीनिवास शिवसेनेकडून उभे राहिले, भाजपने काँग्रेसमधून आलेल्या राजेंद्र गावितांना उमेदवारी दिली. सहानुभूतीची लाट येईल असं पुष्कळांना वाटलं होतं. गावित सुमारे साडेएकोणतीस हजारांनी जिंकले. वनगांबद्दल लोकांना आदर नव्हता असं कुणीच म्हणणार नाही, तो आदर आणि मत या दोन गोष्टी मतदाराने वेगळ्या ठेवल्या. पुढच्याच वर्षी 2019 च्या लोकसभेला पालघरमध्ये 29 हजारांहून जास्त लोकांनी ‘नोटा’चं बटण दाबलं. भर उन्हाळ्यात रांगेत उभं राहून कुणीच नको असं सांगणाऱ्याला मतामागचं कारण नाही असं कसं म्हणायचं?

सगळ्यांत जास्त वाद झाला तो ‘लाडकी बहीण’वर. जुलै 2024 मध्ये बायकांच्या खात्यात महिना पंधराशे रुपये टाकणारी ही योजना आली आणि आचारसंहिता लागण्याच्या आत पाच हप्ते, म्हणजे 7,500 रुपये, खात्यांत पडले. ही वेळ साधलेली होती यात मला शंका नाही. पण मोखाड्यातल्या बाईच्या जागेवरून हिशेब करून बघा. 2024-25 मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. पंधराशे म्हणजे पाच दिवसांचं मातीकाम. त्या मातीकामाचे पैसे कायद्याने पंधरा दिवसांत मिळायला हवेत आणि ते महिनोन् महिने अडकतात, हे तिने अनेक वर्षं भोगलेलं. महाराष्ट्राने 1970 च्या दशकात देशाला दिलेली ही योजना नीट चालली असती, तर भट्टीवर जावंच लागलं नसतं हेही तिला ठाऊक आहे. अशा वेळी एक सरकारी रक्कम तरी मध्यस्थाशिवाय, वेळेवर, थेट तिच्या नावावर येते. ती रक्कम लक्षात ठेवून बाईने मत दिलं तर ते लालूच म्हणायचं की अनुभव? अमेरिकेत एप्रिल 2020 मध्ये कोरोनाच्या मदतीचे 1,200 डॉलरचे धनादेश गेले, त्यांच्यावर ट्रम्प यांचं नाव छापलं होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये इलॉन मस्क यांनी आपल्या अर्जावर सही करणाऱ्या चुरशीच्या राज्यांतल्या नोंदणीकृत मतदारांमधून रोज एकाला दहा लाख डॉलर द्यायला सुरुवात केली आणि पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने ते चालू राहू दिलं. मतदाराला पैशाने वळवायचा मोह सगळीकडच्या सत्तेला आणि धनाला होतो. त्यासाठी डोंगरातल्या बाईकडे बोट दाखवणं योग्य नाही.

दारू आणि नोटा वाटल्या जात नाहीत असं माझं म्हणणं नाही. त्या वाटल्या जातात. पण एका पाड्यावर तीन पक्षांचं पाकीट पोचतं आणि मत एकालाच द्यायचं असतं. घेणाऱ्याला हे कळतं, देणाऱ्यालाही कळतं. पाकीट न देणारा उमेदवार स्पर्धेतून बाद होतो, देणारा मात्र निवडून येईलच असं नाही. याचा खरा बळी आहे तो ज्याच्याकडे वाटायला काही नाही असा चांगला कार्यकर्ता.

मग लोक बोलतात कशावर? जव्हारच्या एसटी स्थानकाबाहेर, खोडाळ्याकडे निघालेल्या खच्चून भरलेल्या जीपमध्ये, ग्रामसभेत? सगळ्यांत जास्त जमिनीवर. 2006 च्या वनहक्क कायद्याने 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसलेल्या वनजमिनीवर चार हेक्टरपर्यंत हक्क दिला. प्रत्यक्षात एकरांचा दावा केलेल्यांच्या हातात गुंठ्यांचा पट्टा आला. कुणाची जुनी दळी जमीन, कुणाचा वर्षापुरता दिलेला एकसाली प्लॉट, मोजणी चुकलेली, नकाशा न जुळलेला, अपील पडून राहिलेलं. कोण आमदार प्रांताकडे बसून दावे काढून देतो, कोणती संघटना मोर्चा काढते, यावर इथे मतं हलतात. श्रमजीवी, कष्टकरी, किसान सभा या संघटनांचं वजन त्यातूनच आलं. निवडणुकीला त्या नेहमी जिंकत नाहीत, पण उमेदवाराला बोलायला काय लावायचं हे त्या ठरवतात.

दुसरं पाणी. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे, मुंबईला रोज 455 दशलक्ष लिटर पाणी देणारं. त्याच तालुक्यात एप्रिल-मे मध्ये पाड्यांवर टँकर येतो. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरणाऱ्या बायकांचे फोटो दरवर्षी वर्तमानपत्रांत छापून येतात आणि दरवर्षी जूनमध्ये विसरले जातात. विस्कॉन्सिनच्या प्राध्यापिका कॅथरीन क्रेमर यांनी खेड्यांतल्या पेट्रोल पंपांवर आणि चहा-कॉफीच्या ठिकाणी बसून लोकांच्या गप्पा ऐकल्या आणि 2016 मध्ये पुस्तक लिहिलं. पैसा, निर्णय आणि मान सगळं शहराकडे जातं, आपल्याला कुणी विचारत नाही, हा राग तिथल्या मतांच्या मुळाशी त्यांना सापडला. मोखाड्यातल्या बाईला हे समजायला पुस्तक लागत नाही, धरणाची भिंत समोर आहे.

आणि तिसरं, मुलं. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून जास्त बालकं दगावली तेव्हा सरकारला जाग आली. जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आलं, एकामागून एक योजना आल्या: नवसंजीवनी, राजमाता जिजाऊ मिशन, 2015 पासून अमृत आहार. तरीही 2016 पाहावं लागलं. अमृत आहाराचं ताट अंगणवाडीत मिळतं, आणि गरोदर बाई भट्टीवर असते. हा प्रश्न ना डाव्यांनी पूर्ण सोडवला, ना काँग्रेसने, ना भाजपने. सारखा पक्ष बदलणारा मतदार चंचल आहे असं म्हणण्याआधी त्याने प्रत्येकाला एक संधी देऊन पाहिली असंही म्हणता येईल. मला तेच खरं वाटतं.

एक गोष्ट मात्र मतदारावर सोडून चालणार नाही. पुढची लोकसभा 2029 च्या उन्हाळ्यातच होईल, म्हणजे पुन्हा भट्टीच्या हंगामात. दूरस्थ यंत्र येईल तेव्हा येवो. तोवर कामगार खात्याने आणि पालघर, ठाणे जिल्हा प्रशासनाने भट्ट्यांवरच्या मतदारांच्या याद्या हंगामाच्या सुरुवातीलाच कराव्यात, हजारी मजुरीवरच्या कामगाराला मतदानाच्या दोन दिवसांची किमान वेतनाएवढी रक्कम मालकाकडून मिळेल असा आदेश काढावा, आणि भिवंडी, वसई, कल्याणहून जव्हार-मोखाड्याला त्या दिवशी सरकारी खर्चाने एसटी सोडावी. मतदाराच्या दारात पक्षाचा टेम्पो यायच्या आधी सरकारची गाडी यायला हवी, आणि त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.